वडगावचं रेशीम, गावठी कोंबडा आणि ट्राउटसाठी एक तरती माशी : कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीत ठरवलेलं काम आज हातात घेतलं. ड्राय फ्लाय, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेली, पाण्यावर तरणारी नकली माशी, स्वतः बांधायची आणि एप्रिलमध्ये हिमाचलातल्या तीर्थन नदीवर तिच्यावर ट्राउट मासा घ्यायचा. आमच्या बेळगाव-खानापूर भागात ट्राउट नाही. त्याला वीस अंशांच्या आतलं पाणी लागतं. दक्षिणेत तो निलगिरी आणि मुन्नारच्या उंचीवरच टिकला आहे, आणि मलप्रभा मार्चलाच कोमट होते. म्हणून बांधणी घरी, सराव मलप्रभेवर आणि खरी गाठ तीर्थनवर. विचारायला जवळपास कुणी नव्हतं, म्हणून पुढच्या माणसासाठी चुका, पैसे आणि वाया गेलेला वेळ सगळं लिहून ठेवतोय.

माशी निवडली ती क्विल गॉर्डन. हिचं अंग मोरपिसाच्या सोललेल्या तंतूचं असतं आणि पाय कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे. दोन्ही आपल्याकडे मिळतात, एवढंच कारण. ही माशी ज्यांच्या नावाची त्या अमेरिकेतल्या थिओडोर गॉर्डन यांना १८९० साली इंग्लंडच्या हॅलफर्डनी आपल्या तरत्या माशांचे नमुने पाठवले होते. ते नमुने इंग्लंडच्या संथ, नितळ नद्यांसाठीचे. अमेरिकेतल्या कॅट्सकिल डोंगरांतल्या खळाळत्या पाण्यात टिकायला गॉर्डननी कडक पिसांची, कमी भरणीची बांधणी वापरली. तीर्थनही खळाळती आहे, त्यामुळे निवड योग्य वाटते.

ही माशी ज्या कीटकाची नक्कल करते तो मेफ्लाय. अळी पाण्यात दगडांखाली महिनोन्महिने वाढते, मग वर येते, पंख फुटतात आणि ते शिडासारखे उभे धरून थोडा वेळ पाण्यावर वाहत जाते. त्याच वेळी ट्राउट तिला टिपतो. म्हणजे आपली माशी पाण्यावर उभी राहिली पाहिजे, आडवी पडून चालणार नाही. पुढचे सगळे महिने याच एका गोष्टीत जाणार असं दिसतंय.

आज बाजारातले साधे गळ, शिलाईचा दोरा आणि कोंबडीवाल्याकडून आणलेली पिसं घेऊन तीन माशा बांधल्या. चार तास लागले. पाण्याच्या परातीत सोडल्या, तिन्ही दगडासारख्या खाली गेल्या.

१२ नोव्हेंबर

गळाचा संशय होता. खडेबाजारातल्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन वजन केलं. एकेक गळ काट्यावर धड दिसत नाही, म्हणून दहा-दहा ठेवले. दहा बाजारी गळ ०.५७ ग्रॅम. एका मित्राकडे ड्राय फ्लायचे १४ नंबरचे (नंबर वाढतो तसा गळ लहान) पातळ तारेचे गळ होते, ते दहा ०.१८ ग्रॅम. तिपटीहून जास्त फरक. बाजारी गळ रोहू-कटल्यासारख्या दांडग्या माशांसाठी असतात, जाड तारेचे, आणि त्यांना नेढंही नसतं, नुसतं चपटं टोक. त्यांच्यावर कितीही चांगलं पीस बांधलं तरी उपयोग नाही.

१४ नंबरचे २५ गळ मागवले, ४६० रुपये. इथं पैसे वाचवू नका.

१७ नोव्हेंबर

गळ धरायला वाईस हवा. विकतचा बरा वाईस साडेतीन हजारांच्या पुढे. मी उद्यमबागेत टूलरूममध्ये काम करतो, तेव्हा घरी करायचं ठरवलं. लहान ड्रिल चक एका सी-क्लॅम्पवर बसवला. चकचे तीन जबडे गळाच्या गोल वाकाला नीट धरत नाहीत. दोरा ताणला की गळ फिरतो. अख्खा रविवार गेला.

२४ नोव्हेंबर

दुसरा प्रयत्न. ओएचएनएसचा, म्हणजे तेलात विझवून कडक करायच्या पोलादाचा, १० मिलीमीटरचा तुकडा भंगारातून घेतला, टोक निमुळतं केलं, स्लिटिंग कटरनं मधोमध चीर पाडली, मागून बोल्टनं आवळायची सोय केली. ८०० अंशांला तापवून तेलात विझवला. संध्याकाळ झाली होती, म्हणून टेंपर न करताच, म्हणजे ठिसूळपणा जाण्यासाठी पुन्हा हलकं न तापवताच, घरी आणला. पहिला गळ आवळताना एक जबडा टाचणी मोडावी तसा मोडला.

सोमवारी आमच्या टूलरूममधल्या आण्णांना दाखवला. त्यांनी मोडलेलं टोक नखावर घासून बघितलं. ‘टेंपर केलास काय?’ म्हणाले. नाही म्हटलं. ‘मग काच केलास तू. लोखंड कुठं राहिलं?’

नवा केला, विझवल्यावर २०० अंशांला तासभर ठेवला. आता १४ नंबरचा गळ धरून दांडी बोटानं दाबली तर दांडी वाकते, पण वाईसमधून हलत नाही. खर्च फक्त बोल्ट आणि क्लॅम्पचा, १८० रुपये. वेळ दोन रविवार.

१ डिसेंबर

दोऱ्याचं काम. शिलाईचा दोरा जाड आहे. चार वेढ्यांतच गळाच्या दांडीवर गाठोडं होतं आणि नेढ्यापाशी पिसाला जागा उरत नाही. जुन्या बांधणीत बारीक रेशीम वापरत. रेशमासाठी वडगावसारखं गाव नाही, आणि माझी आत्या वडगावातच राहते. हातमाग गेले, आता घरात दोन पॉवरलूम आहेत. साडी उतरवल्यावर ताण्याच्या टोकाला ज्या दशा राहतात त्या टाकूनच देतात. मी मूठभर मागितल्या.

‘एवढ्याशा दशीचं काय करालास रे?’

माशी बांधतोय म्हटल्यावर आत्यानं आणखी काही विचारलं नाही. रंगांच्या जुड्या करून दिल्या : फिकट पिवळा, राखी, मोतिया.

दशी साधारण हातभर लांब. बॉबिनवर गुंडाळायला अपुरी आहे, पण एका माशीला पुरते. बॉबिन नव्हती तेव्हा लोक असेच तुकडे घेऊन बांधत आणि हात मोकळा करायचा असेल तेव्हा अडकगाठ मारून टोक लोंबतं सोडत. मी टोकाला कपड्याचा लहान चिमटा लावतो, त्याच्या वजनानं दोरा ताणलेला राहतो. दशीचा पीळ उलगडून एकच पदर घ्यायचा आणि मधमाशीच्या मेणावरून तीनदा ओढायचा. मेण लावल्यावर रेशीम गळाला चिकटतं, घसरत नाही. मेण न लावलेल्या दोन माशा बांधून झाल्यावर बोटात धरताच गळाभोवती आख्ख्या गोल फिरल्या.

८ डिसेंबर

गळ हलका, दोरा बारीक, तरी माशी बुडते. दहापैकी दहा. सुरुवातीला दोन-तीन सेकंद तरते, मग पिसं ओल्या कापसासारखी होतात.

चूक पिसाची. कोंबडीवाल्याकडची पिसं ब्रॉयलरची होती. तो पक्षी चाळीस-पंचेचाळीस दिवसांत कापतात, त्याचं पीस पक्कं होतच नाही. मग शेजाऱ्यांच्या गावठी तलंगेची पडलेली पिसं वेचली. ती दिसायला सुरेख, पण कोंबडीचं पीस मुळात मऊ आणि पाणी पिणारं असतं. ते पाण्याखाली चालवायच्या माशांना चांगलं. तरत्या माशीला कोंबडाच लागतो, तोही वर्षावरचा.

१५ डिसेंबर

जांबोटीच्या बाजूला मामांचं घर आहे. त्यांच्याकडे दोन वर्षांचा लाल कोंबडा होता, गेल्या आठवड्यात कापला. मामींनी मानेची कातडी पिसांसकट राखून ठेवली होती. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली.

२२ डिसेंबर

कपाट उघडलं तर वास आणि कातडीत अळ्या. मानेच्या वरच्या भागातली, म्हणजे नेमकी १४ नंबरला लागणारी पिसं खाल्लेली. मामींनी एवढं जपून ठेवलेलं माझ्या आळसानं गेलं, याचं फार वाईट वाटलं.

मान अशी ठेवायची, हे मग शिकलो : आतली चरबी चमच्यानं खरवडून काढायची. राहिलेली चरबीच किड्यांना बोलावते. मग भरपूर मीठ चोळून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणून सावलीत आठवडाभर वाळवायची. वाळल्यावर मीठ झटकून पिशवीत बंद करून चार दिवस फ्रीजरमध्ये. नंतर डांबराच्या गोळीसह डब्यात.

५ जानेवारी २०२५

दुसरी मान मिळाली. मामांच्या शेजाऱ्यांचा मोतिया रंगाचा म्हातारा कोंबडा, ३५० रुपये फक्त मानेचे. वरच्यासारखी राखली.

पीस कसं पारखायचं ते लिहितो, कारण महिना यातच गेला. पीस काडीला धरून वाकवा म्हणजे तंतू बाहेर उभे राहतात. तंतूंची लांबी गळाच्या रुंदीच्या, म्हणजे अणी आणि दांडी यांमधल्या अंतराच्या, दीडपट हवी. १४ नंबरला हे साडेसात मिलीमीटरच्या आसपास येतं. मी पत्र्याच्या तुकड्यावर रेघा कोरून माप केलं. मग पिसाच्या बुडाशी बघा. तिथं तंतू लवेनं एकमेकांत गुंतून मऊ जाळी झालेली असते. ती जाळी पाणी धरते. चांगल्या पिसात ती फक्त खालच्या टोकाला असते, वाईट पिसात निम्म्यापर्यंत चढलेली असते. शेवटी तंतूंची टोकं ओठाला लावा. टोचली पाहिजेत.

गावठी कोंबड्याचं पीस आखूड असतं. एकातून तीन-चार वेढेच निघतात, त्यामुळे एका माशीला दोन पिसं लागतात. परदेशात यासाठीच पैदास केलेल्या कोंबड्यांचं एक पीस तीन-चार माशांना पुरतं, पण ती मान मला परवडणारी नाही. दोन पिसं पाठीला पाठ लावून एकदम गुंडाळायचा प्रयत्न केला, तंतू एकमेकांत अडकून चुरगळले. एक आधी, दुसरं मग पहिल्याच्या वेढ्यांमधून डावी-उजवीकडे हलवत नेलं की बसतं.

१२ जानेवारी

रंग. क्विल गॉर्डनचं पीस निळसर राखाडी हवं. तसा कोंबडा आसपास दिसला नाही, म्हणून मोतिया पिसं रंगवायची ठरवली. स्टोव्हवर पाण्यात रंग घालून उकळली. रंग ठीक आला, पण तंतू कुरळे आणि ढिले पडले. बारा पिसं गेली.

वडगावात आत्याच्या गल्लीत एक रंगारी काका आहेत, आयुष्यभर रेशीम रंगवलेलं. त्यांना एक पीस दाखवलं. बराच वेळ हातात धरून बघत राहिले. म्हणाले, ‘हे पण रेशमासारखंच जनावराचं की. रेशमाला जे चालतंय ते याला चालतंय.’ त्यांनी काळ्या ॲसिड डायची चिमूट दिली आणि सांगितलं तसं केलं : आधी कोमट साबणपाण्यात पिसाचं तेल काढायचं, मग रंगाच्या पाण्यात व्हिनेगर दोन चमचे, आणि पाण्यात बोट घालून दहा मोजता येणार नाहीत इतपतच गरम. उकळी कधीही नाही. सात मिनिटांत हवी तशी राखाडी, किंचित निळी झाक आली. पिसं थंड पाण्यातून काढून वर्तमानपत्रावर वाळवली. ओठाला पुन्हा टोचली.

लोकर, रेशीम, पीस, तिन्ही प्रथिनांची, म्हणून एकाच जातीचा रंग तिन्हींना धरतो. सुताच्या रंगाचा तसा भरवसा नाही.

१९ जानेवारी

अंग. मोराच्या पिसाच्या डोळ्यातले तंतू घ्यायचे, खालचे नाहीत. डोळ्यातल्या तंतूच्या काडीची एक कड गडद आणि एक फिकट असते, त्यामुळे गुंडाळल्यावर किड्याच्या पोटासारखे आडवे पट्टे दिसतात. तंतूवरची हिरवी लव खोडरबरानं एकाच दिशेनं घासून काढायची. पहिल्या दहापैकी सहा तुटले. कोरडी काडी ठिसूळ असते. पंधरा मिनिटं पाण्यात भिजवून ओलीच गुंडाळली तर तुटत नाही.

मोराचं झडलेलं पीस देशात बाळगायला बंदी नाही, बाजारात सरळ मिळतं. दहा रुपयांच्या एका पिसात वीस-पंचवीस माशा होतात. इथं एक गोष्ट आवर्जून लिहितो. या आठवड्यात एकानं रानकोंबड्याची मान आणून देतो म्हणून सांगितलं. आमच्या खानापूरच्या रानात तो पक्षी आहे, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे पिवळे ठिपके असतात आणि सामन मासा धरायच्या नकली माशांसाठी त्यांना एके काळी फार मागणी होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे. मी नको म्हटलं. पहाटे जांबोटीच्या रस्त्याला त्याची बांग ऐकलेल्या माणसाला त्याच्या मानेचं पीस गळावर बांधवणार नाही.

पंखासाठी मूळ बांधणीत अमेरिकेतल्या एका रानबदकाचं लिंबू रंगाचं पीस असतं. मी पाळीव पांढऱ्या बदकाच्या कुशीचं पीस कोऱ्या चहात चिमूटभर हळद घालून भिजवलं. मूळ पिसावरच्या बारीक रेघा यात येत नाहीत, रंग मात्र जवळ जातो.

२६ जानेवारी

सुट्टी होती, दिवसभर बसलो. बारा माशा. बांधायचा क्रम असा ठरला : मेणलेलं रेशीम नेढ्यामागून सुरू करायचं. आधी पंख, दांडीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यावर. पंखाची उंची दांडीएवढी. पंखाच्या पुढे सात-आठ वेढे घालून तो उभा करायचा, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घालून दोन फाकी करायच्या. नंतर शेपटी, कोंबड्याच्या कडक पिसाचे सात-आठ तंतू, दांडीएवढे लांब. मग मोरपिसाची काडी मागून पुढे. शेवटी पीस, पंखाच्या मागे तीन वेढे आणि पुढे तीन.

माझी सगळ्यांत जास्त वेळा झालेली चूक म्हणजे नेढ्याला चिकटून काम सुरू करणं. शेवटी डोकं बांधायला जागाच राहत नाही, पिसाचे तंतू नेढ्यात दबतात आणि नदीवर थंड बोटांनी तंगूस ओवता येत नाही. नेढ्यामागे नेढ्याएवढी जागा मोकळी सोडायची. पहिल्या सहा माशांत मी ती सोडली असं समजत होतो. भिंगातून बघितल्यावर एकाही माशीत नव्हती.

परातीची परीक्षा : दोन फुटांवरून पाण्यावर सोडायची. पिसाच्या टोकांवर आणि शेपटीवर उभी राहिली पाहिजे, गळाची अणी पाण्याला जेमतेम टेकली पाहिजे. बारापैकी पाच उभ्या राहिल्या. उरलेल्या कुशीवर पडल्या. पडलेल्या सगळ्यांत शेपटीचे तंतू एकाच झुबक्यात होते. ते थोडे फाकवले की तीन पायांच्या तिवईसारखी बैठक मिळते. सोडवून पुन्हा बांधल्या. आता बारापैकी दहा.

काडीवर नेलपॉलिशचा एक पातळ हात दिला. एवढ्यानं ती टिकेल असं धरून चाललो.

९ फेब्रुवारी

रॉड, रील, ५ नंबरची दोरी मिळून ७,८०० रुपये. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या आधी जाऊन फेकीचा सराव. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. चौदा दिवस रोज चाळीस मिनिटं. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच की मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. मी घाई करत होतो आणि तंगुसात गाठी पडत होत्या.

२३ फेब्रुवारी

मलप्रभा, असोग्याच्या वरच्या बाजूला. देवळापुढच्या पाण्यात मी गळ टाकत नाही. आणि कणकुंबीकडे भीमगड अभयारण्याची हद्द आहे, तिथं जाऊ नका. इथं पाणी आता कमी आहे पण दगडांमधून वाहतं, नितळ. वरच्या थरात अळकुटं असतात, बोटभर चंदेरी मासे, सतत किडे टिपणारे. मोठ्या माशीला त्यांचं तोंड पुरत नाही, पण माशी खरी वाटली तर वर येऊन टोचतात. एवढं मला पुरे होतं.

सकाळी सातपासून दहापर्यंत एकदाही वर आली नाहीत. माझ्या माशीपासून हातभर अंतरावर गवताचं बी वाहत होतं, त्याला टोचत होती, माशीला नाही. माशी बदलली. तंगूस बारीक केला, ०.१५ मिलीमीटरचा. काही फरक नाही.

काठावर बसून नुसतं बघितलं तेव्हा कळलं. माशी पाण्याच्या वेगानं जात नव्हती. मध्ये वेगवान धार, पलीकडे संथ पाणी. धार दोरीला पुढं ओढायची आणि संथ पाण्यातली माशी तिच्यामागे फरफटत जायची, बदकाच्या पिल्लामागे उठते तशी बारीक रेघ उठवत. कुठलाही मेला-जिवंत किडा असा जात नाही. दोन महिने मी परातीत माशी उभी करत होतो. परातीतलं पाणी वाहत नाही, हे ध्यानातच घेतलं नाही.

उपाय : दोरी ताठ फेकायची नाही. फेक संपता संपता रॉडचं टोक प्रवाहाच्या वरच्या बाजूला न्यायचं म्हणजे दोरीचा बाक वर पडतो. धारेला तो बाक सरळ करायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ माशी मोकळी वाहते. मला तीन-चार सेकंद मिळाली. दुसऱ्याच फेकीला अळकुटानं टोचलं. मग दुपारपर्यंत अकरा वेळा. एकही गळाला लागलं नाही आणि मला ते नकोच होतं.

२ मार्च

माशीला तरतं ठेवायला काय लावायचं? घरचं खोबरेल लावून बघितलं : पहाटेच्या गारव्यात थिजून तंतू चिकटले. मेण पातळ करून लावलं : कडक झालं. व्हॅसलीन, तेही बोटावर घासून जवळजवळ पुसून टाकल्यावर जेवढं राहतं तेवढंच, हे सगळ्यांत बरं. जास्त लावलं की पिसं पुन्हा झुबका होतात.

१६ मार्च

आत्याकडे गेलो होतो. तिनं माशी तळहातावर घेतली, खिडकीपाशी नेली, नखानं मोरपिसाची काडी हळूच खरवडली. ‘हे सुटणार,’ म्हणाली. ‘वरनं जर घाल की.’

मूळ क्विल गॉर्डनमध्येही काडीवर बारीक सोनेरी तार उलट दिशेनं घालतात. मी ती वगळली होती, कारण एवढी बारीक तार मिळाली नव्हती आणि नेलपॉलिश पुरे वाटत होतं. आत्यानं जरीच्या धाग्याचा वरचा चकचकीत पदर उलगडून दिला. केसाएवढा बारीक. काडी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जात असेल तर जर उलटी न्यायची, म्हणजे ती प्रत्येक वेढ्याला आडवी पडते. आठ माशांवर घातली. आधीच्या अठरा तशाच राहिल्या, वेळ नव्हता.

सगळ्या गळांचे अणीमागचे उलटे काटे पकडीनं दाबून टाकले, म्हणजे मासा सोडताना जखम कमी. एक गळ दाबताना तुटला. पकडीचं टोक आडवं न धरता अणीच्या दिशेनं धरायचं.

१६ नंबरचे दहा गळ मिळाले. घाईत फक्त चार बांधल्या, त्यातल्या दोन जरीच्या.

२ ते ५ एप्रिल

गोवा एक्सप्रेसनं निजामुद्दीन, तिथून रात्रीची बस, बोगद्याच्या अलीकडे औटला उतरून बंजार आणि पुढे गुशैणी. मत्स्य खात्याचा परवाना घेतला. ट्राउटला १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, ती आता उठली आहे. इथला ब्राउन ट्राउट मूळचा नाही. १९०९ मध्ये कुल्लूच्या खोऱ्यात आणून सोडला आणि तो इथलाच झाला.

पाण्यात हात घातला. मिनिटभरात बोटं दुखायला लागली.

६ एप्रिल

ऊन. सकाळपासून चारपर्यंत काही नाही. पाणी मलप्रभेपेक्षा कितीतरी जोरात, तीन सेकंदांची मोकळीक एका सेकंदावर आली. लांब फेकण्याचा मोह सोडला आणि गुडघाभर पाण्यात शिरून दगडाआड थांबून पाच-सहा मीटरच फेकायला लागलो, रॉड उंच धरून, दोरी पाण्याला लागू न देता. मग माशी दगडामागच्या शांत पाण्यात जरा थांबायला लागली.

७ एप्रिल

ढगाळ, गार. एकच्या सुमारास पाण्यावर एकेक मेफ्लाय दिसायला लागली. ऑलिव्ह रंगाची, पंख उभे, दोन शेपट्या. दहा मिनिटांत सगळीकडे. आणि दगडामागे ट्राउटचं नाक. इतके महिने बांधत असलेला आकार पहिल्यांदा जिवंत वाहताना बघितला. रॉड हातात होता आणि मी थोडा वेळ नुसता उभा होतो.

१४ नंबरची माशी त्याच्यावरून नेली. वर आला, नाक लावलं, वळला. चार वेळा तेच. एक खरी माशी पकडून माझ्या माशीशेजारी तळहातावर ठेवली. माझी दीडपट मोठी. रंग जुळत होता, मापच नव्हतं.

१६ नंबरची लावली, जर नसलेली. दुसऱ्या फेकीला घेतली. काटा नसल्यामुळे दोरी ढिली सोडायची नाही, एवढंच डोक्यात होतं. रॉडवर आखलेल्या मापानं २३ सेंटिमीटर, अंगावर लाल ठिपके, त्यांभोवती फिकट कडी. पाण्यातच ठेवून सोडला. माशी बघितली तर मोरपिसाची काडी एकाच माशात तुटून दोऱ्यासारखी लोंबत होती. ट्राउटचे दात बारीक असतात पण वस्तऱ्यासारखे.

दुसरी जर नसलेली फांदीत अडकून गेली. मग जरीची लावली. तिच्यावर आणखी दोन, मोठा २८ सेंटिमीटर. दोन्ही सोडले. अंग जसंच्या तसं. पावणेतीनला माशा थांबल्या आणि ट्राउटही.

८ एप्रिल

रात्री वर पाऊस झाला. पाणी गढूळ. तरत्या माशीचा काही उपयोग नाही. दुपारी निघालो.

१३ एप्रिल

घरी येऊन डबा उघडला तर ओल्या ठेवलेल्या पाच माशांचे गळ गंजलेले. सात तारखेच्या रात्री माशा उघड्यावर वाळवायला हव्या होत्या, मी आनंदात डबा बंद करून झोपलो. गंज तंतूंत उतरतो, पीस तपकिरी होतं, ती माशी पुन्हा वापरता येत नाही.

संध्याकाळी वडगावला जाऊन आत्याला जरीची माशी ‘तीन मासे घेतलेली’ म्हणून दाखवली, ती गंजलेली नव्हती. पहिला मासा जर नसलेल्या माशीवर होता, हे मी तिला दुरुस्त करून सांगितलं. म्हणजे हिनं दोन घेतले. तिनं जर बोटानं चाचपून बघितली आणि कपाटातून आणखी एक रीळ काढून दिलं, यावेळी तांबूस. ऑलिव्ह अंगावर ती कशी दिसते ते बघायला १६ नंबरची पहिली माशी वाईसमध्ये लावून ठेवली आहे. मोरपिसाची काडी भिजत घातली आहे.